पाच रेघा आणि नवा पडदा

स्टाफ नोटेशनची जुनी फाइल नव्या लॅपटॉपवर उघडावी आणि पाच रेघांच्या सुरुवातीला ट्रेबल क्लेफऐवजी ‘&’ दिसावं, बास क्लेफच्या जागी प्रश्नचिन्ह यावं, शार्पच्या जागी फोनच्या बटणावरचं ‘#’ यावं, आणि सुरांच्या जागी भलतीच अक्षरं. फाइल बिघडली असं समजून अनेक जण इथेच हात टेकतात. ज्यांनी श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेलं मराठी पत्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडून इंग्रजी अक्षरांचा गोंधळ पाहिला आहे, त्यांना मात्र हे दुखणं ओळखीचं वाटेल. फाइल ठणठणीत असते, फॉन्ट गैरहजर असतो.

‘&’ का दिसतो, यालाही इतिहास आहे. १९८५मध्ये अडोबीने क्लिओ हगिन्स यांनी आखलेला ‘सोनाटा’ हा संगीतचिन्हांचा फॉन्ट काढला. कीबोर्डवरच्या कोणत्या बटणावर कोणतं चिन्ह ठेवायचं, हे त्यात दिसण्यावरून आणि लक्षात राहण्याच्या सोयीवरून ठरलं. ‘&’चं वळण ट्रेबल क्लेफसारखं, म्हणून तिथे तो. ‘?’वर बास क्लेफ, ‘#’वर शार्प, इंग्रजी बीवर फ्लॅट, एनवर नॅचरल आणि डब्ल्यूवर पूर्ण स्वर, म्हणजे होल नोट. पुढे फिनाले या नोटेशन प्रोग्रॅमचे पेत्रुची आणि माएस्ट्रो, सिबेलियस या दुसऱ्या प्रोग्रॅमचा ओपस हे फॉन्ट बऱ्याच अंशी याच वाटेने गेले. थोडक्यात, संगणकाच्या लेखी सूर म्हणजे एक अक्षरच. ते अक्षर कोणत्या फॉन्टमध्ये काढायचं हे कळलं नाही, तर तो हाताशी असेल तो फॉन्ट वापरून मोकळा होतो.

म्हणून दुरुस्तीला हात घालण्याआधी दोष कुठे आहे ते पाहावं. त्यासाठी एक साधी चाचणी पुरते: फाइलचं एक पान पीडीएफ करावं किंवा थेट छापावं. कागदावर सगळं नीट आलं आणि पडद्यावरच गडबड असेल, तर दोष पडद्याशी जुळवून घेण्यात आहे. कागदावरही ‘&’ उमटला, तर फॉन्टकडे जावं. क्लेफ आणि सूर ठीक आहेत पण मांडणी विस्कटली आहे, ओळी एकमेकींवर चढल्या आहेत, असं असेल तर ती फाइल वेगळ्या आवृत्तीत उघडल्याची खूण समजावी. या तीन दुखण्यांची औषधं वेगळी आहेत. एकाचं औषध दुसऱ्याला दिलं की चांगली फाइलही बिघडते.

असं बिघडवण्याचा हमखास प्रकार म्हणजे रेघांची जाडी. जुन्या प्रोग्रॅममध्ये पाच रेघांपैकी दोन जाड आणि तीन बारीक दिसतात, कधी चौथी रेघ पाचवीला खेटल्यासारखी वाटते. मग वापरणारा सेटिंगमध्ये जाऊन रेघा जाड करतो, पडदा सुधारतो आणि छपाईत काळेकुट्ट गज उमटतात. इथलं गणित साधं आहे. ७ मिलिमीटर उंचीच्या स्टाफमध्ये चार फटी असतात, म्हणजे एक फट १.७५ मिलिमीटरची. ब्रावुरा या आजच्या प्रमाण फॉन्टच्या शिफारशीप्रमाणे रेघेची जाडी फटीच्या ०.१३ पट, म्हणजे साधारण ०.२३ मिलिमीटर. इंचाला ९६ पिक्सेल धरले तर एक पिक्सेल येतो ०.२६ मिलिमीटरचा. रेघ पिक्सेलपेक्षाही बारीक आणि फट ६.६ पिक्सेलची! अर्धा पिक्सेल काही काढता येत नाही, म्हणून प्रोग्रॅम एक फट सहाची करतो, दुसरी सातची. २०० टक्के झूमवर पाहिलं की हा तिरपागडेपणा बराच निवळतो, आणि छपाईत तो कधी नसतोच. त्यामुळे पडद्यावर पाहून जाडी बदलण्याचा मोह टाळलेला बरा.

खरा छळ होतो तो बारीक पिक्सेलच्या नव्या पडद्यांवर. १५.६ इंची ‘फोर-के’ लॅपटॉपमध्ये इंचाला २८०हून जास्त पिक्सेल असतात. इंचाला ९६ पिक्सेल गृहीत धरून बनवलेलं १६ पिक्सेलचं बटण पूर्वी सव्वाचार मिलिमीटरचं दिसायचं, ते इथे दीड मिलिमीटरवर येतं. क्वार्टर नोट निवडायला जावं तर एट्थ नोट दाबली जाते. यावर विंडोजने व्हिस्टापासून, म्हणजे २००७पासून, एक तोडगा ठेवला आहे: प्रोग्रॅमला बारीक पिक्सेलच्या पडद्याची जाण नसेल, तर त्याचं तयार चित्र ताणून मोठं करायचं. बटणं दिसू लागतात, पण सगळं धुरकट होतं. फार वेळ पाहिलं की डोळे चुरचुरतात आणि डॉट आहे की नाही हेही कळेनासं होतं.

यातून वाट काढायची ती प्रोग्रॅमच्या शॉर्टकटवरून. त्यावर उजवं क्लिक करावं, प्रॉपर्टीज उघडावी, कम्पॅटिबिलिटी या टॅबवर जावं आणि ‘चेंज हाय डीपीआय सेटिंग्ज’ हे बटण दाबावं. खालच्या बाजूला स्केलिंग बदलण्याचा चौकोन असतो. त्यावर टिक केली की तीन पर्याय मिळतात. ‘ॲप्लिकेशन’ निवडलं तर विंडोज हात आखडता घेतं; चित्र धारदार येतं, पण जुना प्रोग्रॅम असेल तर बटणं मुंगीएवढी. ‘सिस्टम’मध्ये आकार बरोबर, पण तोच धुरकटपणा. तिसरा ‘सिस्टम (एन्हान्स्ड)’. नोटेशनवाल्यांनी आधी हाच करून पाहावा.

कारण हा पर्याय तयार चित्र ताणत नाही. विंडोजच्या जुन्या चित्रपद्धतीतून प्रोग्रॅमने ‘इथे हे अक्षर काढ’ असा आदेश दिला, की तेच अक्षर मोठ्या आकारात नव्याने काढलं जातं. स्टाफवरचे सूर, क्लेफ, विराम ही सगळी फॉन्टमधली अक्षरंच असल्यामुळे जुन्या नोटेशन प्रोग्रॅमला याचा फायदा अनेकदा वर्डपेक्षाही जास्त होतो. मात्र काही प्रोग्रॅम पान आधी आतल्या आत रंगवतात आणि मग तयार चित्र पडद्यावर चिकटवतात. तिथे हा उपाय निम्माच लागू पडतो: मेनू स्वच्छ, पान धुरकट. करून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पाहायला दोन मिनिटंही लागत नाहीत. दर बदलानंतर प्रोग्रॅम पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करायचा, एवढं ध्यानात ठेवावं.

लॅपटॉपला बाहेरचा मॉनिटर जोडला असेल तर आणखी एक गंमत होते. लॅपटॉपचं स्केल १५० टक्के, मॉनिटरचं १००. जुना प्रोग्रॅम स्केलची चौकशी सुरू होताना एकदाच करतो, त्यामुळे त्याची खिडकी दुसऱ्या पडद्यावर ओढली की ती पुसट दिसते. ज्या पडद्यावर काम करायचं तोच मुख्य ठरवून, साइन आउट करून पुन्हा आत यावं. दोन्ही पडद्यांचं स्केल सारखं ठेवणं याहून सोपं, पण ते प्रत्येकाच्या डोळ्यांना मानवेलच असं नाही.

मॉनिटर काढल्यावर पॅलेट गायब होण्याची तक्रारही नेहमीची. स्वरांची, आर्टिक्युलेशनची पॅलेट प्रोग्रॅमला जिथे शेवटची आठवते तिथे, म्हणजे आता अस्तित्वात नसलेल्या पडद्यावर, उघडी असते. हरवलेल्या मुख्य खिडकीसाठी आल्ट आणि स्पेस दाबावं, मग इंग्रजी एम, नंतर बाणाची कुठलीही कळ. एवढं केलं की खिडकी माउसला चिकटून परत येते. तरंगत्या पॅलेटसाठी हे नेहमी चालत नाही. तिथे मॉनिटर पुन्हा जोडून पॅलेट मुख्य पडद्यावर ओढून ठेवणं किंवा प्रोग्रॅमच्या प्रेफरन्स मूळपदावर आणणं, हे दोनच मार्ग उरतात.

स्वर हलवल्यावर जुन्या जागी त्याची सावली राहणं, हा प्रकार त्यामानाने किरकोळ. फिनालेमध्ये कंट्रोल आणि डी दाबलं की पान नव्याने रंगवलं जातं. इतर प्रोग्रॅममध्ये खिडकी खाली करून पुन्हा वर आणली तरी काम होतं. सावल्या सारख्याच पडत असतील आणि लॅपटॉपमध्ये दोन ग्राफिक्स चिप असतील, तर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमधल्या ग्राफिक्स विभागात त्या प्रोग्रॅमसाठी कमी वीज खाणारी चिप निवडून पाहावी. नव्वदच्या दशकातल्या प्रोग्रॅमचे रंग भडक किंवा उलटसुलट दिसले, तर कम्पॅटिबिलिटीच्या त्याच टॅबवरचा ‘रिड्यूस्ड कलर मोड’ बहुधा कामी येतो.

आता पुन्हा फॉन्टकडे. मूळ सॉफ्टवेअरची सीडी किंवा जुन्या संगणकाचं फॉन्ट फोल्डर हाताशी असेल तर अर्धी लढाई जिंकली. फॉन्ट बसवताना एक खाच मात्र अनेकांना माहीत नसते. २०१८च्या शेवटी आलेल्या विंडोज १०च्या आवृत्तीपासून, नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं की फॉन्ट त्या एका वापरकर्त्यापुरताच, वेगळ्या फोल्डरमध्ये बसतो. जुने प्रोग्रॅम तिथे डोकावतीलच असं नाही. फॉन्ट-फाइलवर उजवं क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडावं, मग प्रोग्रॅम सुरू करावा. एकाच नावाचा फॉन्ट दोन वेगवेगळ्या आवृत्त्यांत बसला असेल तर एक काढून टाकावा. ओपसच्या बाबतीत विशेषच, कारण सिबेलियसच्या प्रत्येक नव्या आवृत्तीबरोबर तो नव्याने येत राहिला.

मॅकवरून विंडोजवर आलेल्या जुन्या फिनाले फाइलमध्ये क्लेफ नीट आणि काही चिन्हंच चुकीची, असं दिसलं तर गोष्ट थोडी वेगळी असते. इंग्रजीच्या साध्या अक्षरांपलीकडच्या जागांचे क्रमांक दोन्हीकडे वेगळे होते. फाइल उघडताना फिनाले मजकुराचे क्रमांक बदलून घेई, पण संगीताच्या फॉन्टचे बदलायचे नसत. कोणते फॉन्ट संगीताचे, याची यादी ‘मॅकसिम्बलफॉन्ट्स’ नावाच्या एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असायची. आपण वेगळा विकत घेतलेला फॉन्ट त्या यादीत नसेल, तर त्याचं नाव नोटपॅडने तिथे लिहायचं, आणि चिन्हं जागेवर येतात.

पुस्तकं छापणाऱ्यांचं दुखणं निराळंच. फिनालेमधून ईपीएस चित्र काढून ते पेजमेकरमध्ये किंवा इनडिझाइनमध्ये लावायची पद्धत होती. त्या चित्रांत फॉन्ट प्रत्येक वेळी आत भरलेला नसे. त्यातही जुने ‘टाइप वन’ फॉन्ट असतील, तर अडोबीने जानेवारी २०२३पासून आपल्या सॉफ्टवेअरमधून त्यांना रजा दिली आहे. पुनर्मुद्रणासाठी अशी फाइल उघडण्याऐवजी मूळ नोटेशनमधून, फॉन्ट आत भरलेली पीडीएफ नव्याने काढावी.

मॅक वापरणाऱ्यांसाठी उपाय थोडे आणि अटी कडक. प्रोग्रॅमच्या ‘गेट इन्फो’ खिडकीत ‘ओपन इन लो रिझोल्यूशन’ हा चौकोन असेल, तर रेटिना पडद्यावरच्या जुन्या प्रोग्रॅमचं चित्र त्याने ताळ्यावर येतं. पण ऑक्टोबर २०१९च्या कॅटलिनापासून ३२-बिट प्रोग्रॅम मॅकवर उघडतच नाहीत. फिनाले २०१४ आणि त्याआधीच्या आवृत्त्या, तसंच सिबेलियस ६, हे सगळे त्यात अडकले. २०१६मध्ये आलेल्या २५व्या आवृत्तीत फिनाले ६४-बिट झालं. इथे पडदा सुधारण्याचा प्रश्नच येत नाही. मोहावी किंवा त्याआधीची प्रणाली असलेला जुना मॅक शोधावा लागतो.

सिबेलियसच्या आकड्यांनी फसू नये, हेही जाता जाता. बेन आणि जोनाथन या जुळ्या फिन बंधूंनी एकॉर्न संगणकासाठी १९९३मध्ये जे काढलं त्याचं नाव ‘सिबेलियस ७’ होतं. विंडोजवरची पहिली आवृत्ती १९९८ची, आणि विंडोज-मॅकवरचं ‘सिबेलियस ७’ आलं २०११मध्ये. जुन्या डिस्केटवर ‘सिबेलियस ७’ लिहिलेलं दिसलं, तर आधी वर्ष पाहावं. बारीक पिक्सेलच्या पडद्यांची नीट सोय सिबेलियसच्या २०१५च्या आठव्या आवृत्तीत झाली. म्हणजे सातवी किंवा त्याआधीची आवृत्ती वापरणाऱ्याला वरचे डीपीआयचे उपाय लागणारच.

विंडोजवर १६-बिट प्रोग्रॅमची गत मॅकसारखीच आहे. ६४-बिट विंडोज ते चालवत नाही आणि विंडोज ११ फक्त ६४-बिटच मिळतं. अशा वेळी व्हर्च्युअलबॉक्ससारख्या प्रोग्रॅममध्ये, परवाना असलेलं जुनं विंडोज बसवून, त्याचा पडदा १०२४ बाय ७६८ ठेवावा आणि दोनशे टक्के मोठा करून पाहावा. इंटरनेट तेवढं तोडून ठेवावं. डॉसच्या काळातल्या प्रोग्रॅमसाठी डॉसबॉक्स आहे. स्टॅनफर्डच्या लेलंड स्मिथ यांनी बनवलेला ‘स्कोअर’ हा डॉसवरचा प्रोग्रॅम एके काळी बड्या प्रकाशकांचा आवडता होता. आज म्यूझस्कोअर हा मोफत प्रोग्रॅम उघडला की जो फॉन्ट समोर येतो, त्याचं नाव ‘लेलंड’ त्यांच्यावरूनच.

म्यूझस्कोअरच्या जुन्या फाइलींत फॉन्टची रड फारशी नाही, मांडणीची आहे. २०१८च्या तिसऱ्या आवृत्तीपासून चिन्हं एकमेकांवर चढू नयेत म्हणून प्रोग्रॅम ती स्वतः सरकवतो. दुसऱ्या आवृत्तीत कुणी डायनॅमिक्स, बोल, बोटांचे आकडे हाताने हलवून ठेवले असतील, तर ते दोनदा सरकतात आणि पान सैरावैरा होतं. फाइल उघडताना प्रोग्रॅम जागा मूळपदावर आणू का म्हणून विचारतो, तेव्हा सहसा होकार द्यावा. जिथे जुनी मांडणी जशीच्या तशी हवी, तिथे जुनी आवृत्तीही ठेवावी. तिसरी आणि चौथी आवृत्ती एका संगणकावर गुण्यागोविंदाने नांदतात.

या सगळ्या खटपटीला घाई का करावी, याचं उत्तर २६ ऑगस्ट २०२४ला मिळालं. त्या दिवशी मेकम्यूझिक कंपनीने १९८८पासून चालत आलेल्या फिनालेचा विकास थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि वापरणाऱ्यांना डोरिको या दुसऱ्या नोटेशन प्रोग्रॅमचा रस्ता दाखवला. नव्या संगणकावर परवाना चालू करण्याची सोय वर्षभरात बंद होणार होती; गदारोळ उठल्यावर कंपनीने ते मागे घेतलं. पण पुढे येणाऱ्या विंडोज आणि मॅकच्या आवृत्त्यांसाठी फिनालेत आता कुणी दुरुस्ती करणार नाही. आज एन्हान्स्डच्या टिकेवर चाललेलं काम उद्या चालेल याची हमी कुणीच देऊ शकत नाही.

तेव्हा पडदा एकदा दिसण्याजोगा झाला की त्याच बैठकीत संगीत बाहेर काढून ठेवावं. त्यासाठीचं सामाईक रूप म्हणजे म्यूझिकएक्सएमएल. मायकेल गुड यांच्या रिकॉर्डेअर कंपनीने २००४मध्ये त्याची पहिली आवृत्ती काढली. आता ते डब्ल्यूथ्रीसी या वेबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आहे आणि सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोअर सगळे ते वाचतात. फिनालेच्या शेवटच्या आवृत्त्यांत अख्खं फोल्डर एकदम रूपांतरित करता येतं. सिबेलियसमध्ये ही निर्यात २०११च्या सातव्या आवृत्तीपासून अंगभूत आहे, त्याआधीच्यांना डोले नावाचं प्लगइन लागतं. सूर, लय, बंध, बोल नीट पोचतात. पानाची नेमकी मांडणी आणि स्वतः बनवलेली चिन्हं पोचतीलच असं नाही. म्हणून प्रत्येक फाइलबरोबर एक पीडीएफ ठेवावी, म्हणजे मूळ पान कसं होतं याचा पुरावा राहतो.

महाराष्ट्र-गोव्यात स्टाफ नोटेशन नवं नाही. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांत सोल्फेज आणि व्हायोलिन शिकलेले वादक मुंबईत आले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारख्या अरेंजरांनी हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांसाठी पानंच्या पानं हाताने लिहिली. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य संगीत आजही शिकवलं जातं. नोटेशन कागदावरून संगणकावर गेलं, तशी आपल्याकडे एक खास अडचण उभी राहिली ती मराठी बोलांची. फिनालेला युनिकोड २०१२च्या आवृत्तीत कळू लागलं. त्याआधी सुरांखाली मराठी शब्द घालायचे तर जुन्या फॉन्टमध्येच घालावे लागत. अशी फाइल म्यूझिकएक्सएमएलमध्ये नेली की सूर शाबूत आणि बोल मात्र इंग्रजी अक्षरांचा भेळभत्ता.

फॉन्ट बदलून देणारे कन्व्हर्टर इथे पुरे पडत नाहीत. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि नोटेशनमध्ये शब्द सुरांनुसार तुकड्यातुकड्यांनी तोडलेला असतो. वेलांटी एका सुराखाली आणि तिचं अक्षर दुसऱ्याखाली गेलं, की कन्व्हर्टर गोंधळतो. तीन-चार कडव्यांचं गाणं असेल तर जुन्या पीडीएफकडे पाहत बोल सरळ नव्याने टाइप करणं लवकर होतं. रूपांतर झाल्यावर ऐकूनही पाहावं, आणि ऐकताना तीन ठिकाणी कान टवकारावे: पुनरावृत्तीचे पहिले-दुसरे शेवट, तीनात दोन बसवलेल्या लयी, आणि क्लॅरिनेट-ट्रम्पेटसारख्या बी फ्लॅट वाद्यांच्या ओळी. त्या ओळी पूर्ण एका स्वराने वर किंवा खाली वाजल्या, तर वाद्याची ट्रान्सपोझिशन हरवली आहे. सूर एकेक करून हलवू नयेत, वाद्याच्या सेटिंगमध्ये बी फ्लॅट निवडावं.